फेकून द्यायचं उत्तर

“पाचशे! अगं, बोल की! पाचशे देशील?”

सर ओरडत होते. आवाज असा, की बसवनगुडीतल्या आमच्या संस्थेत ते शिंकले तर लालबागेतले कावळे गाव सोडून जात. त्या दिवशी तर हातात माइक होता.

मी फळ्यापाशी उभी. समोर परदेशी पाहुणे, चहा, काजू. नव्वदीचं दशक निम्मं सरलेलं. बंगळुरात खासगी दवाखाने डासांपेक्षा जोरात वाढत होते आणि त्या बाजाराचा अभ्यास करणारे आम्ही त्याहून जोरात. मी सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. बंगळुरातल्याच मराठी शिंप्याची मुलगी.

सर पाहुण्यांना आपली पद्धत दाखवत होते. सोपी आहे. गरीब माणसाला विचारायचं, उपचाराला किती देशील? हो म्हणाला, आकडा चढवायचा. नाही म्हणाला, थांबायचं. तो थांबला तिथं त्या उपचाराची किंमत. नमुन्याला गरीब माणूस हवा होता. सभागृहात मी होते.

“हिच्या आईच्या हृदयाची झडप बिघडलीय,” सर इंग्रजीत म्हणाले. रजा मागताना मीच सांगितलेलं. “अगदी जिवंत उदाहरण.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “तुझ्याच भाषेत विचारतो हं, म्हणजे खरं उत्तर येईल. तुझं मराठी ऐकून आमच्या पुण्यात माणूस आजारी पडतो, ते सोड.”

पुढच्या रांगेतले मराठी प्राध्यापक हसले. पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी तेही हसले. सुशिक्षित माणसं.

“पाचशे?” मी होकाराची मान हलवली. “हजार?” हलवली. “पाच हजार? दहा?” मागून कुणीतरी “वीस” म्हणालं. लिलाव रंगला होता.

एरवी माझी जीभ अशी, की मला बघून रिक्षावाले न सांगता मीटर टाकत. त्या दिवशी जीभ लाकडाची. राग आला नाही. खोटं कशाला सांगू, बाकी सगळीकडे सांगतेच. पंखा फिरताना दिसत होता. मी जो आकडा बोलेन तिथं आई संपणार, एवढं एक कळत होतं. वीस म्हटलं, तर एकविसावर आई मेली.

“शून्य,” मी म्हणाले.

“काय?”

“शून्य. आई जगली पाहिजे. बोली लावणार नाही.”

सर पाहुण्यांकडे बघून गोड हसले. “याला आम्ही निषेधाचं उत्तर म्हणतो. हिशेबात धरत नाही. फेकून देतो.”

हे मला ठाऊक होतं. बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी, तेव्हा तिथं नुसती शेतं, मीच दारोदार हा प्रश्न विचारत हिंडले होते. एका अज्जीनं माझ्यामागे कुत्रं सोडलं. त्यानं मला पार इंदिरानगरपर्यंत पळवलं आणि दमून स्वतः बसनं परत गेलं. त्या अज्जीचंही उत्तर फेकलं गेलं. आम्ही नेमकं कुणाला फेकत होतो, ते मला फळ्यापाशी उभं राहून पहिल्यांदा दिसलं.

“जा, बस आता,” सर म्हणाले.

“नाही बसत. माझं उत्तर फेकायचं नाही. नकार म्हणून लिहा.”

“त्याला रकाना नाही गं, वेडे.”

“मग रकाना आखा.”

या वेळी कुणी हसलं नाही. एका पाहुण्यानं विचारलं, ही काय म्हणतेय? सरांनी सांगितलं नाही. मी सांगितलं, इंग्रजीत, आणि बाहेर पडले.

आईचं ऑपरेशन पुढे सरकारी दवाखान्यात झालं, रांगेत नंबर लागला तेव्हा. जगली.

सभागृहातल्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. आवाज तुपात तळलेला. “पाहुण्यांची माफी माग. तुझी शिष्यवृत्ती त्यांच्याच निधीतून येते. आईचं बघायचंय ना तुला? स्वल्प विचार कर.” ‘थोडा’ऐवजी माझ्यासाठी मुद्दाम कन्नड शब्द काढला होता.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. फेकलेल्या उत्तरांवर प्रबंध लिहीन. किंमत सांगायला ज्यांनी ज्यांनी नकार दिला, त्या सगळ्यांवर. त्यांना वगळून दवाखान्यांच्या बाजारावर एक ओळसुद्धा लिहिणार नाही.

“हे अर्थशास्त्र नाही.”

मी दाराकडे वळले.

“माझ्याकडे तुझी पीएचडी होणार नाही. कळतंय का?”

“दुसरीकडे करीन,” मी म्हणाले.