गौराक्काची डबी आणि साहेबांची कॉफी

मी कॉफी का पीत नाही, असं विचारताय ना? विचारलंच आहे तर ऐका आता. पण चहा घ्या आधी, गार होतोय. आणि हसायचं ते शेवटी हसा, मधेच हसलात की मी विसरतो कुठं होतो ते.

निजामाच्या अमदानीतली गोष्ट. मी रस्त्यांच्या खात्यात हंगामी कारकून होतो. हंगामी म्हणजे काय? आज आहे, उद्या साहेबांना शिंक आली तरी घरी! त्या वेळच्या भाषेत 'मुस्तकिल' व्हायचं, म्हणजे कायम व्हायचं, एवढं एकच वेड डोक्यात. भरवसा कशावर? तर अक्षरावर. माझं उर्दू अक्षर मोत्यासारखं होतं. हुमनाबादचे मास्तर माझी पाटी वर्गभर फिरवायचे. हे अक्षर जरा लक्षात असू द्या, पुढं कामाला येणार आहे.

आमचे साहेब हैदराबादचे, पण शिकलेले मद्रासला. तिथून येताना इंजिनियरची पदवी आणि कॉफीचं व्यसन, दोन्ही घेऊन आले. दौऱ्यावर फटफटीनं जायचे. फटफटीच्या साइडकारमध्ये तंबू, तंबूवर गादी आणि गादीवर मी. माझ्या मांडीवर एक लाकडी पेटी. पेटी केवढी? बायकांच्या फणीच्या पेटीपेक्षा थोडी मोठी. पण तिच्या पोटात काय काय होतं, विचारू नका! पाय मिटणारा पितळी स्टोव्ह, एकात एक बसणारी भांडी, तळाला भोकं असलेलं गाळायचं भांडं, कप, भाजलेल्या बियांची पुडी आणि त्या दळायला मुठीएवढी चक्की.

नोकरीला लागताना साहेबांनी विचारलं होतं, "कॉफी बनाना आता?"

मी छाती काढून म्हटलं, "हौ हुजूर!"

नाही म्हणतो की काय? खरं सांगू, कॉफी प्यायची असते की अंगाला लावायची, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. निघण्याआधी साहेबांनी कृती तोंडी सांगितली, ती मी मंत्रासारखी पाठ केली. तीन चमचे भुकटी, दाबायची नाही, उकळतं पाणी हळूहळू, झाकण ठेवून गप्प बसायचं. साइडकारमध्ये बसून सगळ्या वाटेनं हेच घोकत होतो.

मुक्काम होता निर्ण्याला, गावाबाहेर लिंबाखाली. तंबू ठोकता ठोकता साहेब म्हणाले, "काशिनाथ मियाँ, परसों बड़े साहब आ रहे. कॉफी अच्छी बनी तो तुम्हारी मुस्तकिली वहींच लिखवा लेता मैं."

झालं! माझी सगळी जिंदगी तीन चमच्यांवर येऊन टेकली.

आणि नशीब बघा. मन्नाएखेळ्ळीच्या सडकेवर दोन घोटाळे आधीच झालेले. धुळीनं माझं नाक चोंदलेलं, इतकं की म्हैस शेजारी उभी राहिली तरी वास येऊ नये. आणि चक्कीचा दांडा खड्ड्यात कुठं उडाला तो सापडलाच नाही. आता बिया दळायच्या कशा?

तंबूला लागूनच गौराक्काचं घर. ही पाटलाची थोरली बहीण. दूध तिच्याकडूनच यायचं, म्हणून पहिल्याच दिवशी मी तिला साहेबांची सिगारेटची रिकामी डबी भेट दिली होती. गोल, चकचकीत, घट्ट झाकणाची. अक्काला ती एवढी आवडली की तिनं लगेच तीत मिश्री भरून ठेवली. मिश्री माहीत आहे ना? तंबाखू तव्यावर जाळून कुटायची आणि सकाळी दातांना लावायची. ती लावल्याशिवाय अक्का कुणाशी बोलायची नाही, आणि कुणी तिच्याशी बोलायची हिंमत करायचं नाही.

मी बियांची पुडी घेऊन तिच्याकडं गेलो. कुटलेली कॉफी ठेवायला बरोबर एक डबी नेली. कुठली? अहो, साहेबांच्या सिगारेटचीच दुसरी! शहाण्या माणसानं इथंच कपाळाला हात लावला असता.

"ह्या कशाच्या बिया रे काशिनाथ? जळल्या की सगळ्या!"

"जळल्या न्हाईत अक्का, भाजल्यात. खलबत्त्यात कुटून दे."

"आन् कुटून काय करायलाव?"

"साहेब पितेत."

"जळकं पिवून पगार मिळायलाय व्हय त्यायला?" असं म्हणत तिनं कुटलं, फडक्यातून गाळलं आणि मला म्हणाली, "कोनाड्यात ठेवलीय डबी. सकाळी घेऊन जा."

सकाळी अक्का गोठ्यात होती. कोनाड्यात डब्या दोन. मी एक उघडली. काळपट, मऊ भुकटी. दुसरी उघडली. काळपट, मऊ भुकटी! आता वास घ्यावा तर नाक बंद. मग मी डोकं चालवलं. म्हटलं, कॉफी कालच भरलीय, म्हणजे जी डबी जास्त भरलेली ती कॉफीची. बघा, तर्कात काही चूक आहे का? अक्कानंही कालच नवी मिश्री केली होती, हे मला कुठं ठाऊक?

मोठे साहेब मोटारीतून उतरले. हैदराबादेहून नवेच आलेले, मराठीचा गंध नाही, मिशा मात्र भरघोस. आमचे साहेब म्हणाले, "हुजूर, आज मद्रासी कॉफी."

"कॉफी? अरे, हम तो बचपन से पीते!"

मी स्टोव्ह पेटवला. तीन चमचे. दाबलं नाही. पाणी हळूहळू. झाकण ठेवून गप्प बसलो. काय रंग उतरला म्हणता! दूध घातलं, साखर घातली आणि पहिला कप मोठ्या साहेबांपुढं धरला. थोरल्यानं घोट घेतल्याशिवाय धाकट्यानं कप उचलायचा नाही, ही तिथली रीत.

मोठ्या साहेबांनी घोट घेतला आणि थांबले. मिशा थरथरल्या. कपाळावर घाम आला. मी मनात खंडोबाला हाक मारली.

"वाह," ते हळूच म्हणाले. "तेज है."

मग आमच्या साहेबांनी घोट घेतला. त्यांचे डोळे बशीएवढे झाले! त्यांनी माझ्याकडं पाहिलं, कपाकडं पाहिलं, मोठ्या साहेबांकडं पाहिलं. पण वरच्यानं वाहवा केल्यावर खालच्यानं थुंकायचं कसं? त्यांनी गिळलं आणि म्हणाले, "जी हुजूर. मद्रास में ऐसीच पीते."

मोठ्या साहेबांना उचकी लागली. उचकीतच म्हणाले, "इसको भी पिलाओ. बनानेवाले का हक होता!"

मी कप एका दमात रिकामा केला. काय सांगू! लिंबाचं झाड माझ्याभोवती फिरायला लागलं. कान गरम, पाय गार. पण मला वाटलं, अस्संय होय! ही असते कॉफी! मोठी माणसं रोज सकाळी एवढं सोसतात, म्हणून तर त्यांना एवढा पगार देतात.

"लिखो मियाँ," मोठे साहेब खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले. "तुम्हारी मुस्तकिली लिखो. अभीच!"

आमचे साहेब तंबूची दोरी धरून उभे होते. मी कागद पुढं ओढला. एका दौतीच्या तीन दौती दिसत होत्या, मधल्या दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं. मोठ्या साहेबांनी न वाचता सही ठोकली. झालो! मुस्तकिल झालो!

एवढ्यात गौराक्का आली. हातात डबी.

"काशिनाथ! काय करून ठेवलास रे? मघापासून घासायलेय, काय बी चढंना! माजी मिश्री कामून नेलास?"

मी तिच्या हातातल्या डबीकडं पाहिलं. टेबलावरच्या डबीकडं पाहिलं. आपण काय प्यालो, त्याचं नाव मला तेव्हा कळलं.

"क्या बोल रही ये?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आमच्या साहेबांना मराठी चांगली येत होती. ते चटकन म्हणाले, "हुजूर, कॉफी मांग रही."

"देखो! गाँव की औरत भी पहचानती!" मोठे साहेब खूश होऊन मोटारीत बसले. दोन वेळा चुकीच्या दारानं चढायला गेले, पण बसले.

मोटार दिसेनाशी झाली तसे साहेब लिंबाच्या एका बाजूला ओकले, मी दुसऱ्या बाजूला. अक्का मधे उभी राहून दोघांना शिव्या देत होती.

दुपारी डोकं ठिकाणावर आल्यावर साहेबांनी मला हाक मारली. हातात माझा हुकूम, आणि डोळ्यांत हसून हसून पाणी.

"पढ़ो मियाँ, क्या लिखे तुम."

मी वाचलं. कारकुनीचं नावसुद्धा नव्हतं! सगळ्या वाटेनं घोकलेला मंत्र डोक्यात फिरत होता, तोच कागदावर उतरला होता. काशिनाथ यांना बड़े साहबांच्या बंगल्यावर कॉफी बनवण्याच्या कामी मुस्तकिल केलं जात आहे. तीन चमचे, दाबायचं नाही.

"दुरुस्ती मागतो हुजूर!"

"मांगो. वजह क्या लिखोगे? कि बड़े साहब को तंबाकू पिलाया?"

बोला, काय लिहिणार? दुसऱ्या आठवड्यात बंगल्यावर हजर झालो. पहिल्या दिवशी खरी कॉफी करून दिली. मोठ्या साहेबांनी घोट घेतला आणि कप बाजूला सारला. "ये क्या पानी? हम बचपन से पीते, हमको सिखाते? निर्णेवाली लाओ!"

मग काय, दर महिन्याला निर्ण्याला जायचं, अक्काच्या शिव्या खायच्या आणि डबी भरून आणायची.

तो हुकूम अजून आहे ट्रंकेत. नातवाला उर्दू वाचता येत नाही. परवा त्यानं तो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, "आजोबा, ज्यानं कुणी हा लिहिला, त्याचं अक्षर काय सुंदर हो!"