शेजारणीच्या चार वाट्या

अक्षर वाकडंतिकडं आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, तेवढं माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हाची गोष्ट. शेजारी मागावर काम करणारं तेलुगू कुटुंब राहायचं. तिथली अक्का रोज भिंतीवरून विचारायची, "आज काय केलंस गं?" मी लाजत म्हणायचे, "आमटी." मग ती वाटीभर अंबाडीची भाजी द्यायची.

आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. पण महिनाअखेर होती आणि माझी आमटी इतकी पातळ, की ती कुठल्या तोंडाने देणार? म्हणून मी वाट्या ठेवून घेत गेले. चार साठल्या.

एक दिवस अक्का दारातच उभी राहिली. "व्हय गं, आमी आता हातावर घेऊन जेवायचं का? वाट्यांचं दुकान टाकतीस की काय?"

मला रडूच फुटलं. खरं ते सांगितलं आणि शेंगदाण्यासाठी तिच्याकडेच पाच रुपये उसने मागितले. संध्याकाळी उखळात शेंगाचटणी कुटली आणि चारही वाट्या भरून नेल्या.

चटणी चाखून ती हसत सुटली. "माझ्याच पैशाची चटणी मलाच! लई हुशार हायस की!"

आमच्या घरी पगार झाला त्या दिवशी तिची अंबाडीची वाटी पुन्हा आली होती. मी ती घासली आणि आत पाचाची नोट ठेवून नेऊन दिली.

"ही बी रिकामी न्हाय, अक्का." मी तिला पहिल्यांदाच उलट बोलले.

तिने नोट हसत कमरेला खोचली. पैसे पुरते फिटले.