साखराबाईचं शिळं पाणी

साखराबाईशी मुखेडात कुणी सुखासुखी बोलायला जात नाही. बाजारात ती कोथिंबीरवाल्याशी भांडते, एसटीत कंडक्टरशी भांडते, आणि भांडायला माणूस नसला तर चिंचेवरच्या कावळ्याला शिव्या घालते. नवरा होता तोवर हे काम दोघांत वाटलेलं होतं. तो गेला आणि सगळं तिच्या एकटीच्या वाट्याला आलं.

धाकटी जाऊ लक्ष्मीबाई त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहते. अंगण एक, न्हाणी एक, नळ एक, आणि त्या नळाला पाणी येईल तेव्हा येणार. दोघी बोलतात त्या भांड्यांशी. "काही माणसाला लाजच न्हाई बग," असं एक घागरीला सांगते. "आन काहीला तोंड लई," असं दुसरी बादलीला.

त्या घरात क्रेफिश आले ते पुनममुळे. पुनम साखराबाईची लेक, लातूरला दिलेली. तिच्या दिराने हौसेने घरातल्या काचेच्या टाकीत निळ्या क्रेफिशची जोडी सोडली. अंग झिंग्यासारखं, पुढं खेकड्यासारख्या दोन नांग्या. त्या जोडीने टाकीतले रंगीत मासे एकेक करून संपवले. दीर म्हणाला, फेका. दुकानदाराने तर बजावलं होतं, नदीतळ्यात सोडू नका, तिथलं सगळं खाऊन टाकतील. मग पुनमने ते डब्यात घालून मायकडे आणले.

"खाऊ नको माय ह्यांना."

"मी कामून खाऊ? तेच दुसऱ्याला खातेत म्हनं." साखराबाईने डब्यात बोट घातलं. नराने ते नांगीत धरलं. तिने बोट सोडवलं, रक्त लुगड्याला पुसलं आणि म्हणाली, "राहू दे हितंच. वळख झाली."

रिकाम्या गोठ्यात तिने प्लास्टिकचे टब मांडले. लपायला पाइपाचे तुकडे टाकले, कौलं टाकली. खायला गाजराच्या चकत्या, उकडलेला पालक. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचा वास येई. ते पाणी यांना सोसत नाही, म्हणून पिपात उघडं ठेवून, चांगलं शिळं करून मगच टबात जाई. कात टाकली की यांचं अंग लोण्यासारखं मऊ होतं आणि शेजारचा टपलेलाच असतो. "भावकी हाय ही," साखराबाई म्हणे. "मऊ लागलं की खातेत." गल्लीने त्यांना पाण्यातले इच्चू असं नाव ठेवलं. तिने ते खपवून घेतलं. इतर नावं ठेवणाऱ्यांना मात्र तिने घरापर्यंत जाऊन हिशेब दिला.

मादीने शेपटीखाली अंडी धरली, मोहरीच्या घोसासारखी काळी, तेव्हा लातूरहून मुलगा आला. भारत तिथल्या डाळमिलमध्ये कामाला. त्याला मायला लातूरला न्यायचं होतं आणि घराचा तिचा अर्धा भाग काकीला देऊन टाकायचा होता.

"एकटी कशावर ऱ्हाशील? मी धाडतो त्याच्यावरच ना?"

"नको धाडू. लातूरचा शिवप्रसाद हाय ना, मासेवाला दुकानदार, त्यो पिल्लं घ्यायला तयार हाय. दर खेपेची."

"जगली तर."

"जगली तर मी हितं. मेली तर गाठोडं बांधून तुझ्यामागं येते. बोलल्यालं बोलल्यालं."

भारत हसला. "इच्चवाच्या भरवशावर ऱ्हानार?"

"तुझ्यापरीस बरा. त्याची नांगी दिसती तरी."

त्याच आठवड्यात भावकीतला सटवाजी म्हातारा गेला आणि दोन्ही जावांना एकच सुतक लागलं. बोलणं असो-नसो, सुतक काही वाटून घेता येत नाही. दहाव्याला घर सारवायचं, गोमूत्र शिंपायचं आणि सुतकात साठवलेलं पाणी थेंब न ठेवता ओतून द्यायचं, ही तिथली रीत. लक्ष्मीबाईला घाई होती. दहावा होताच तिच्या लेकीचं, राजकन्याचं, लग्न ठरून सुपारी फुटायची होती. पाहुणे चाकूरचे, सोवळ्याओवळ्याला कडक.

कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती गोठ्याच्या दारात येऊन थेट साखराबाईशी बोलली.

"आक्का, ह्ये टबातलं बी वतावं लागंल."

"माणसाचं सुतक हाय. ह्यांचा कोन मेला?"

"एका घरात पाणी ठिवून सुतक कसं फिटंल? उद्या पाहुन्यांनी म्हनलं बाटल्यालं घर, तर पोरीचं काय करू मी?"

"पोर तुझी. गोठा माझा."

"तुमचंच बघा. जलमभर तुमचंच बगून ऱ्हायलाव." लक्ष्मीबाईचा आवाज चढला नाही. तिने नुसतं गोठ्यातल्या पिपाकडे एकदा नीट बघून घेतलं आणि ती गेली.

दहाव्याला बायका ओढ्यावर अंघोळीला गेल्या. साखराबाईही गेली. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. ती परतली तेव्हा गोठा सारवून ओला होता. पीप पालथं, टब पालथे, पाइपाचे तुकडे उन्हात हारीने वाळत घातलेले. मधोमध एक बादली, आणि कमरेला पदर खोचून उभी लक्ष्मीबाई.

"मारले न्हाईत मी," ती म्हणाली. "जितराब हाय, मला बी कळतंय. आताच नळ आलाय, ताजं पाणी घातलं."

नर उताणा पडला होता. मादी शेपटी आपटत बादलीच्या कडेला नांग्या मारत होती, आणि पाण्यातल्या ब्लीचिंगचा वास न्हाणीच्या दारापर्यंत येत होता. सुतकाच्या धास्तीने गल्लीतल्या भावकीच्या सगळ्या घरांनी पाणी ओतून दिलं होतं. सगळीकडे तेच ताजं.

 

साखराबाईने मादीला अंगावरच्या ओल्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि ती चालू लागली. समोरच्या अयोध्याच्या घराला सुतक नव्हतं, ती भावकीतली नव्हती. तिच्या ओट्यावर दोन पिपं भरलेली, जुन्या पाण्याची. अयोध्या ओट्यावरच बसली होती.

"पाणी पाहिजे का, साखरामाय? तोंडानं माग की. माझ्या मांडवात जेवताना नावं ठिवली, तवा तर तोंड लई चाललं."

साखराबाई थांबली. पदरात काहीतरी हललं. मग ती पुढे गेली.

गावाबाहेर तिच्या वाट्याचं शेत आहे, त्यात विहीर आणि पत्र्याचा आखाडा, म्हणजे राहण्यापुरतं खोपट. तिने विहिरीचं पाणी शेंदलं, प्लास्टिकच्या घमेल्यात ओतलं आणि मादीला सोडलं. अंड्यांतली काही गळून तळाशी गेली. बाकीची चिकटून राहिली. लपायला पाइप नव्हता, म्हणून तिने आपली चप्पल घमेल्यात टाकली; मादी तिच्याखाली जाऊन बसली. साखराबाई अनवाणीच राहिली.

दहाव्याचं जेवण तिच्यावाचून झालं. सुपारी फुटली. ती एकदा घरी जाऊन टब, पाइप, अंथरूण घेऊन आली आणि घराच्या आपल्या अर्ध्याला कुलूप लावून आली. लक्ष्मीबाई अंगणातच होती. भांडीसुद्धा काही बोलली नाहीत.

पिल्लं निघाल्यावर भारत आला तो थेट शेतावर. हातात काकीने दिलेला डबा. मुंगीएवढी पिल्लं घमेल्यात कौलाखाली पसरली होती.

"जगली ना?"

"अर्धी."

"बरं झालं. आता चल घरी. काकीनं पुरनपोळ्या धाडल्यात. ती म्हनती, मला कळलं न्हाई."

"तिला समदं कळतंय. तिला पोरीची सुपारी पाहिजे हुती, ती झाली. मला ऱ्हायचं हुतं, मी ऱ्हायले. डबा न्हे परत."

"हितं पत्र्यात एकटी?"

"लातुरात काय शंभर जनं माझ्या उशाला बसनार हायत?"

"मी हाय ना माय."

साखराबाईने घमेल्यात हात घातला. पिल्लं अंगावरून उतरली की मादीला तिथं ठेवून भागत नाही. आज ना उद्या तिला भूक लागते आणि समोर फिरतंय ते आपलंच आहे हे ती बघत नाही. साखराबाईने तिला पाठीकडून उचलून दुसऱ्या टबात टाकलं. मादीने जाता जाता तिचा अंगठा फोडलाच.

"इच्चवाच्या भरवशावर ऱ्हाशील म्हनला हुतास," ती अंगठा चोखत म्हणाली. "ऱ्हायले. आता शिवप्रसादला सांग, पिल्लं जरा थोर झाली की मीच घिऊन येते. तू मधी पडू नको. जा, शेवटची एसटी चुकंल."

भारत डबा घेऊन बांधापर्यंत गेला, थांबला. तिने मान वर केली नाही. ती कौलाचा तुकडा जरा सरकवत होती.