सुदामच्या नावाचं गाणं

"बंद कर ते... आरं वायर वढ कुनीतरी!"

सुदाम ओरडत होता. डोक्यावर गुलाबी फेटा, कपाळाला गंध, एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात कॅसेट — डेकमधून उपटून काढलेली, तिची तपकिरी फीत मनगटाला गुंडाळलेली. म्हणजे डेक रिकामा. आणि तरीही लिंबाला बांधलेला कर्णा खोकत होता... भरदुपारी, अख्खं कोल्हार पंगतीला बसलेलं असताना.

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. तेव्हा मी नागापूरच्या एमआयडीसीत वायरमन होतो. कुणी भूत म्हटलं की मी विचारायचो, फेज कुठून घेतं आणि अर्थिंग कुठं देतं? दुसरं म्हणजे मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे, हे नगरपासून कोल्हारपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा यातलं निम्मं सोडून द्या. उरेल तेही तुम्हाला पुरून उरेल.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवच्या आसपासची. कोल्हार माझं आजोळ. तिथं दादामामाची साउंड सर्व्हिस होती — एक अॅम्प्लिफायर, डेक, दोन कर्णे, माईक आणि गव्हाचं एक पोतं. पोत्यात कॅसेटी. गाणी निवडून नगरच्या दुकानातून भरून आणलेल्या, बाजारात घेतलेल्या, कुणाकुणाच्या घरून आणून परत द्यायच्या राहिलेल्या. भजनं, गवळणी, लावण्या, कव्वाल्या, हिंदी सिनेमे, पाळणे... सगळं एका पोत्यात. मामा कॅसेट कधी उलटी फिरवून ठेवायचा नाही. जिथं थांबली तिथून पुढं.

लग्न असो की बारसं, मामाचा एक खेळ ठरलेला असायचा. आधी माईकवर नाव पुकारायचं — "पुढचं गाणं, खास नवरदेवाच्या मेव्हण्यासाठी" — मग डोळे मिटून पोत्यात हात घालायचा, येईल ती कॅसेट डेकात टाकायची. लागेल ते गाणं त्या माणसाचं. आणि त्यावर मामाचा शेरा. एकदा लोणी गावच्या एका पैलवानाच्या नावानं पाळणा लागला, तर मामा म्हणाला, पैलवान निजेपर्यंत कुणी ताटं वाजवू नका. पंगतीतली माणसं अशी हसली की मठ्ठा नाकातून आला. लोक जेवणापेक्षा आपल्या नावाच्या गाण्याची वाट बघायचे.

असा मामा एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेला. आम्ही सगळे दहाव्याला प्रवरेच्या घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलो होतो, आणि तेवढ्यात मामाचा जोडीदार सुदाम घरासमोर टेम्पो लावून पोत्यासकट सगळा सेट घेऊन गेला. गावाला सांगितलं, दादांनी जाताना माझा हात धरला आणि म्हणाले, सुदाम, आता हे तूच सांभाळ. ऐकणारा तिसरा कुणी नव्हता. ज्यानं हात धरला म्हणे, तो तर जळून गेलेला.

कांतामामीचं सगळं घर त्या सेटवर चालायचं. माणूस ठेवून तिनं पुढची लग्नसराई काढली असती. मी तिला म्हटलं, मामी, एका रात्रीत उचलून आणतो, माझ्याकडं पान्हा-पक्कड सगळं आहे. तिनं मान हलवली.

"आपन चोरून आनलं तर त्यानं केलं ते बराबर ठरलं. त्याच्या हातानं आनून ठेवू दे. या दारात. मग घीन."

आता तो कशाला आणून ठेवतोय? वर्षभर त्यानं मामाच्या माईकवर मामाचाच खेळ केला, पण शेरे अगदी बेचव... गार पडलेल्या पिठल्यासारखे. आणि त्याच कमाईवर त्यानं स्लॅबचं घर बांधलं. वास्तुशांतीला गाव बोलावलं. मामीलाही बोलावणं आलं, आणि मामी गेलीसुद्धा. चांगली ठेवणीतली साडी नेसून पहिल्या पंगतीत बसली, कर्ण्याच्या बरोबर खाली.

मीही गेलो. खिशात पक्कड घालून. माझा बेत साधा होता — पंगत ऐन रंगात आली की अॅम्प्लिफायरच्या मागं जायचं आणि आतली अशी एक वायर तोडायची की सुदामला ती जन्मभर सापडू नये. सूड म्हणजे सूड. मला बघून सुदाम हसला.

"या भाचे. मामाला सोडून पक्के नागापूरकर झाले."

आजोळच्या गावात प्रत्येक पुरुष मामा. त्याला मामा म्हणताना माझे दात आंबायचे.

खेळ सुरू झाला. सरपंचाच्या नावानं कोळीगीत लागलं, पोलीसपाटलाच्या नावानं ओल्या साडीतलं काहीतरी. लोक हसत होते. मग सुदामनं पुकारलं, "आता घरमालकासाठी. म्हंजे आमच्यासाठी." पोत्यात हात घातला. गवळण लागली... लोणी कुणी चोरलं, हंडी कुणी फोडली, यशोदेला सांगायला गवळणी आल्यात. पंगतीत कुणीतरी फुसकन हसलं.

सुदामनं ती काढली. पुन्हा स्वतःचं नाव, पुन्हा पोत्यात हात. लावणी लागली. बाई गड्याला विचारते, हा फेटा कुणाचा मागून आणलास, बांधायचा तरी येतो का? सुदामचा हात फेट्याकडं गेला, आणि हात गेला म्हणूनच लोक जास्त हसले. बुंदी वाढणारा वाढायचं विसरून उभा राहिला. मामीनं त्याला पानाकडं बोट दाखवून बुंदी मागून घेतली.

तिथं थांबावं की नाही? पण सुदाम इरेला पेटला. या खेपेला त्यानं पार तळातून, कोपर बुडेपर्यंत हात घालून कॅसेट काढली. भजन लागलं. हे घर तुझं नाही रे बाबा, भाड्याचं आहे, मालक येईल तेव्हा सोडावं लागेल. वास्तुशांतीच्या दिवशी, नव्या स्लॅबखाली! लोकांनी हसू दाबायचा प्रयत्नही सोडला. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, दादा असते तरी त्यांना शेरा द्यायची गरज पडली नसती.

दादा हे नाव ऐकलं आणि सुदामचा तोल सुटला. माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाला, "दादांनी ह्यो सेट मला आपल्या तोंडानं दिलाय. कुनाला शंका हाय? तर ऐका... पुढचं गानं, दादांकडून सुदामला."

डोळे मिटून कॅसेट काढली. डेकात टाकली. बटण दाबलं.

काहीच नाही. नुसती खरखर. मी खिशातल्या पकडीवर हात ठेवून अॅम्प्लिफायरच्या मागं पोचलो होतो, आणि आईची शपथ घेऊन सांगतो, मी कशालाही हात लावला नव्हता. मग कर्ण्यातून फुंकर आली. दोनदा. मामा माईक तपासताना मारायचा तशी. मग त्याचा तो बिडीचा, घशाच्या तळातून येणारा खोकला. पंगतीतले हात पानावर थांबले. सुदामनं कॅसेट उपटून काढली, तरी खोकला चालूच, तो ओरडला, मी प्लग ओढला — डोळ्यांदेखत अॅम्प्लिफायरचा लाल दिवा विझला — आणि विझल्यावर कर्णा बोलला.

"सुदाम. माईक खाली ठेव. ज्याचं त्याच्या घरी नेऊन दे."

बस. एवढंच. शेरा द्यायचा त्या आवाजात, सावकाश. सुदामनं माईक खाली ठेवला. तान्हं पोर झोळीत ठेवावं तसा.

ती कॅसेट मी नागापूरला नेली. फीत पेन्सिलीनं गुंडाळून आमच्या खात्यातल्या चार जणांसमोर वाजवली. दुकानातून घेतलेली भजनाची कॅसेट, मागच्या टिकल्या मोडलेल्या, म्हणजे तिच्यावर वरून काही भरताच येत नाही. भजनं संपली की कोरी. एक शहाणा म्हणाला, कर्ण्याच्या लांब वायरीत कधीकधी रेडिओ घुसतो. बरोबर आहे, घुसतो. पण प्लग काढल्यावर? आणि रेडिओवाल्याला आमचा सुदाम कुठून माहीत? गावातले काही जण म्हणतात, आम्ही नुसता खोकला ऐकला, बोलणं भाच्यानं मागाहून जोडलं. म्हणू देत. मग सुदाम कशानं हलला, हे त्यांनी सांगावं. मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

कारण सुदाम हलला. त्याच दुपारी, शेवटची पंगत उठायच्या आत, त्यानं स्वतःच्या हातानं सगळा सेट टेम्पोत भरला आणि मामीच्या दारात आणून उतरवला. कर्णे, डेक, पोतं, सगळं. डोक्यावर फेटा तसाच, गंध घामानं ओघळलेलं. मामी ओट्यावर उभी राहून एकेक वस्तू बघून घेत होती. ओसरीवर ये म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. शेवटी त्यानं हात जोडले.

"वहिनी... आता तरी दादा गप बसतील ना? तुमी सांगा की त्यांना."

मामीनं पोतं आत ओढून घेतलं.

"मी काय सांगू? गेल्यापासून माझ्याशी एक शबुद बोलले न्हाईत."