आईचे बूट लपवले होते

मंडळी, आत्ताच घरात आलोय आणि लगेच ग्रुपवर लिहितोय.

आईला डिमेन्शिया आहे, हे तुम्हाला माहीत आहे. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, कालपासून बर्फ पडतोय. ती बाहेर पडू नये म्हणून सकाळीच मी तिचे बूट लपवले आणि निर्धास्त होऊन लॅपटॉप उघडला.

थोड्या वेळाने गार वारा आला. पुढचं दार सताड उघडं! बर्फात अनवाणी पावलं उमटलेली, वर नवा बर्फ भुरभुरत होता. ठसे बुजायच्या आत मी धावत सुटलो.

पावलं पार्कात गेली होती. मुलांनी केलेल्या स्नोमॅनला आई हात जोडून प्रदक्षिणा घालत होती. पाय लालभडक.

"आई, घरी चल!" मी दंड धरला.

तिने हात झटकला. "देवळात बूट घालून येतोस? काढ आधी."

ओढली असती तर पडली असती. काढले बूट. नुसत्या मोज्यांवर तिच्यामागून एक प्रदक्षिणा घातली. "झालं दर्शन," मी म्हटल्यावर तिने माझे बूट तिच्या पायात घालू दिले.

आता ती रजईत आहे. मघाशी विचारत होती, "उद्या पण येशील ना रे देवळात?"

उद्याही बर्फच आहे. तुमच्यापैकी कुणी आपल्या आईला कुलपात ठेवलंय का? हात कसा धजावला?