टॉवेल टांगलेल्या दाराबाहेरचं भोपाळ

भोपाळला जायचं ठरलं ते वसंतमामाला आणायला. मामा म्हणजे आईचा सख्खा मोठा भाऊ. गोविंदपुऱ्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात फिटर म्हणून त्याने सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावरही तिथल्याच वसाहतीत एक क्वार्टर भाड्याने घेऊन राहिला. मामी गेल्यापासून तीन वर्षं आई त्याला नागपूरला ये म्हणून विनवत होती आणि तो ‘बघू’ म्हणून टोलवत होता. मग एका रविवारी फोनवर आपणहून म्हणाला, “पोरीला पाठव घ्यायला.” आईने त्याच दिवशी माझ्या जुन्या खोलीत त्याचा पलंग लावला. माझ्या नवऱ्याने, समीरने, जातानाची दोन आणि येतानाची तीन तिकिटं काढली.

नागपूरहून जाणाऱ्यांनी थेट भोपाळ स्टेशनला न जाता आधीच्या राणी कमलापतीला उतरावं. वसाहत तिथून जवळ पडते, रिक्षावाले दोनशे सांगतात आणि दीडशेला तयार होतात. रुंद रस्ते, जुनी चिंचेची झाडं, एकसारखी पिवळी घरं. त्यातली अर्धी आता रिकामी आहेत, काहींच्या तर खिडक्यांच्या चौकटीही लोकांनी उचकटून नेल्यात. लहानपणी प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी मी इथे घालवली.

मामाच्या दाराशी पोचलो तर बेलवर टॉवेल टांगलेला होता.

बाहेरच्या माणसाला यात काही कळायचं नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालायचा. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला की घरचे बेलवर टॉवेल टाकत. तो दिसला की दूधवाला, पोस्टमन, चेंडू मागायला आलेली पोरं, सगळे पाय न वाजवता माघारी फिरत. मी एकदा टॉवेल असताना बेल दाबली, तर एरवी गरीब गाय असलेल्या मामीने पाठीत धपाटा घातला होता. मामा निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी दिवसा कधीही आडवा होण्याआधी टॉवेल टाकायचाच. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

फोन लावला, उचलला नाही. शेजारच्या श्रीवास्तव आंटी तुळशीला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, “भाई साहब सो रहे होंगे, बेटा. सामान इधर रख दो, घूम आओ.”

समीर म्हणाला, “एकदा ठोकून बघूया का?”

“नको रे, चिडेल. झोपू दे त्याला,” मी म्हणाले.

आम्ही येणार हे माहीत असलेला माणूस टॉवेल कशाला टांगेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग आम्ही भोपाळ पाहिलं. इथे पोह्यांवर आपल्यासारखी तर्री नसते. पोहे वाफेवर गरम ठेवतात, वर जिरावन मसाला आणि शेव, सोबत गरम जिलबी. मी दोन प्लेटी खाल्ल्या. जुन्या शहरात चौकाजवळ मीठ घातलेला चहा मिळतो. समीरने तोंड वाकडं केलं तसा दुकानदार म्हणाला, “दूसरा घूँट लो खाँ, पहला तो सबको बुरा लगता है.” दुसरा घोट खरंच बरा लागला. आईसाठी जरीचा बटवा घेतला. मोठ्या तलावावर अर्धा तास नावेत बसलो. नावेतून मामाला परत फोन केला, वाजून वाजून बंद झाला. “म्हाताऱ्याची झोप बघ,” म्हणून मी हसले.

चार वाजता परतलो. टॉवेल तसाच होता. आंटी बाहेर आल्या, त्याच्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “ये तो कल दोपहर से टँगा है.”

समीरने खांद्याने दार तोडलं. पलंगाजवळ मामाची भरलेली बॅग होती आणि तिच्या पलीकडे जमिनीवर मामा. श्वास चालू होता. डोळे उघडे होते, त्याने माझ्याकडे बघितलं, पण बोलता येत नव्हतं. फोन टेबलावर, त्याच्या हातापासून चार पावलांवर. दोन्ही वेळा तो वाजलेला त्याला ऐकू आला असणार.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “सुबह ले आते तो कुछ कर सकते थे.” दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेला. भोपाळलाच सगळं केलं.

दवाखान्यातूनच मी आईला फोन केला होता. म्हटलं, गाडीला उशीर झाला, आत्ता चारला पोचलो. आई रडत म्हणाली, “देवासारखी धावून गेलीस गं. नाहीतर एकटाच पडून राहिला असता.” तेराव्यापर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने हेच सांगितलं. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मी खाली मान घालून चहा देत होते.

याला दोन महिने झाले. भोपाळला जरूर जा, पोहे खा, तलाव बघा, त्या शहराचा काही दोष नाही. या लेखात मात्र फोटो नाहीत, कारण माझ्या फोटोंवर वेळ छापून येते. आई माझा प्रत्येक लेख चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते. तिच्यासमोर बसून सांगायचं मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आई, गाडी वेळेवर होती. आम्ही सकाळी साडेआठलाच पोचलो होतो.