पिकायला ठेवलेला दगड

परतवाड्याचा जानराव पाथरवट आपल्या सावलीवरही पटकन विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. बाजारात वांगी घेतली तर एकेक उलटून देठ बघणार. बायको चतुराबाई म्हणाली की भाजीत मीठ बरोबर आहे, तरी चाखल्याशिवाय मान हलवणार नाही. अशा माणसाचं पोट मात्र दुसऱ्याच्या खाणीवर चालत होतं, हीच त्याची पंचाईत.

खाण कोरकू आदिवासींची, चिखलदऱ्याच्या घाटाखाली. कड्यात दगडाचे थर दिसत, भाकरीच्या चळतीसारखे. प्रत्येक थराच्या पोटात घट्ट काळा पाषाण, डोक्यावर भोकाभोकांचा दगड, भोकांत पांढऱ्या गारा, आणि दोन थरांच्या मधे गेरूसारखी तांबडी माती. काळा पाषाण आणि भोकं जिथं भेटतात तिथला दगड जात्याला उत्तम. तो झिजला तरी खरबरीतच राहतो. कोरकूंच्या घरोघरी त्याच खाणीचं जातं. बाहेरच्यानं न्यायचा तर त्यांच्यातला म्हातारा मानू दाखवील तोच दगड न्यायचा आणि बदल्यात ज्वारी द्यायची.

एका उन्हाळ्यात, अठ्ठावन्न साल असेल, सरकारचा भूशास्त्राचा साहेब हातोडी घेऊन आला. हा सगळा डोंगर एकेकाळी वितळून वाहत आला, निवताना आकसला, म्हणून आत केसासारख्या चिरा राहतात, असं त्यानं सांगितलं. जानरावनं त्याच्यापुढे मान डोलावली आणि मानूला बाजूला घेतलं.

"याच्यावर ध्यान ठेव. दगड कधी वितयते काय? हा खान लाटाले आला."

साहेब निघून गेला, पण जानरावची शंका गेली नाही. गेलेला माणूस परत येऊ शकतो, असं त्याचं म्हणणं.

त्याच सुमारास त्याची जाती फुटायला लागली. विकलेलं जातं एका उन्हाळ्यात उकलायचं आणि गिऱ्हाईक दोन तुकडे घेऊन दारात उभं राहायचं. त्याला धंद्यापेक्षा दुसरीच धास्ती होती. मुलगी शालू मोठी होत होती. पाथरवटाच्या लेकीबरोबर बापाच्या हातचं जातं सासरी जातं, आणि तेच तिथं फुटलं तर पोरीला जन्मभर टोमणे. या विचारानं त्याला घास गोड लागेना.

खोट कुठं आहे ते त्यानं ताबडतोब ठरवून टाकलं. मानू आपल्याला टाकाऊ माल देतो. त्याला पुरावाही सापडला. खाणीमागं मोहाच्या झाडाखाली जात्याजोगे गोल दगड जोडीजोडीनं मांडलेले होते, आणि त्यांना हात लावायची कोणाला मुभा नव्हती.

"हे कोनासाठी?" त्यानं विचारलं.

"पिकून राहिले," मानू म्हणाला. "तूबी थोडा दम धरत जा. आज काढला दगड, त्याले आजच टाकी लावू नको."

दगड काय आंबा आहे पिकायला? हा बाळापूरच्या खुशालराव पाथरवटाला चोख माल देतो आणि मला थापा देतो, असं जानरावनं मनाशी पक्कं केलं. पुढच्या चैत्रात कोरकू मोहफुलं वेचायला पांगले, तेव्हा त्यानं भर दुपारी एकेक दगड वाजवून पाहिला. एक जोडी घंटेसारखी वाजली. ती त्यानं तुराट्यांखाली बैलबंडीत घातली. घरी ठेवायची सोय नव्हती, कोरकू परतवाड्याच्या बाजाराला येत. म्हणून थेट बाळापूर गाठलं, खुशालरावच्या दुकानासमोर बसून जातं घडवलं आणि विकलं. खुशालराव काहीच बोलला नाही. जानरावनं ताडलं, चोराच्या मनात चांदणं. खाणीवरही कोणी चौकशी केली नाही. म्हणजे मालच लबाडीचा असणार, नाहीतर बोंब नसती का झाली?

चार वर्षांनी शालूचं लग्न चांदूर रेल्वेला जमलं. जानराव दगड मागायला मानूकडे गेला. म्हातारा त्याला मोहाखाली नेऊन खाली मान घालून बसला.

"तुह्या पोरीचा दगड ठेवला होता," तो म्हणाला. "या खानीवर ज्याचं पोट, त्याच्या घरी पोरगी झाली का आमी एक जोडी उघड्यावर मांडतो. उनात तापते, पान्यात भिजते. आतनी चीर असन तर लगनापयले फुटते. फुटली तर बापाच्या मनात नाई ते येते, म्हनून आधी सांगत नाई. तुह्या शालूची बारा पावसाळे टिकली. मंग चोरी झाली. माह्या पुतन्यानंच नेली, भुऱ्यानं. त्याले मी खानीतून हाकलून देल्लं. तुले कोन्या तोंडानं सांगू?"

जानरावला गप्प राहणं सोपं होतं. त्याच्यावर संशय घ्यायला तिथं कोणी नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

"भुऱ्यानं नाई नेली," तो म्हणाला. "मी नेली."

मानूनं मान वर केली.

"आपल्याच पोरीची वस्तू चोरून काहून नेली?" त्याला खरोखरच कळत नव्हतं. मग उठताना म्हणाला, "माह्या नातीची जोडी पिकली हाय, ते देतो. पन पयले भुऱ्याले वापस आन."

भुरा अमरावतीच्या रस्त्यावर गिट्टी फोडत होता. जानरावनं त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं, काही न लपवता. भुऱ्यानं हातोडा खाली ठेवला, त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काकानं पाठवलं का तूच आला?" त्यानं विचारलं. "आता कोन्ती चोरी माह्यावर घालाची हाय?"

"खरं सांगून राहिलो, बापा. शालूची आन."

"जो मानूस आपल्या पोरीची जोडी इकते, त्याच्या आनेले काय धरू?"

भुऱ्यानं पुढचा दगड ओढून घेतला. लग्न पंधरवड्यावर आलं होतं. जानराव त्याच्याजवळच उन्हात खाली बसला, आणि भुरा त्याच्याकडे पाठ करून गिट्टी फोडत राहिला.